आकडा कळला, पण प्रकार कळला का?

पत्र : माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे आणि औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पाळीने कामाला जातो. अंगाने तो पहिल्यापासून सडपातळ. गेल्या चार महिन्यांत त्याचे वजन ६१ किलोवरून ५४ वर आले. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठतो, पाण्याची बाटली उशाशी घेऊन झोपतो. कारखान्यातील तपासणी शिबिरात साखर ३१८ निघाली. नंतर उपाशीपोटी २४६, जेवणानंतर ३८४ आणि एचबीएवनसी ११.८ आले. दोन महिने गोळ्या चालू आहेत, मध्यंतरी आणखी एक गोळी वाढवली, तरी उपाशीपोटीची साखर २१० च्या खाली येत नाही. आमच्या घरात कोणालाच साखर नाही. मला मात्र सात वर्षांपूर्वी बाळंतपणाच्या वेळी निघाली होती, ती नंतर गेली. भाऊ गोड फारसे खातही नाही, मग त्याला हा आजार झाला कसा? आई म्हणते रात्रपाळीने झाला, काका म्हणतात चहाने. डॉक्टर आता इन्सुलिनचे नाव काढतात, तर घरचे म्हणतात की एकदा सुई लागली की ती सुटत नाही. ओळखीतल्या एकाने गोळ्या बंद करून कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड सुरू करायला सांगितले आहे. काय करावे?
— एक बहीण, जिल्हा सातारा

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नांकडे वळण्याआधी एक काम सांगतो, आणि ते हे उत्तर वाचून संपेपर्यंतही लांबवू नका. आजच्या आज भावाची लघवी किटोनसाठी तपासून घ्या. ही तपासणी तालुक्याच्या कोणत्याही प्रयोगशाळेत होते आणि पट्टी बुडवल्यावर मिनिटभरात उत्तर मिळते. किटोन मोठ्या प्रमाणात निघाले तर उद्याची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्या. त्याला उलट्या होत असतील, पोटात दुखत असेल, श्वास खोल आणि जलद चालत असेल, श्वासाला पिकलेल्या फळासारखा किंवा नखांचा रंग पुसण्याच्या द्रावणासारखा वास येत असेल, किंवा तो गुंगीत असल्यासारखा वाटत असेल, तर प्रयोगशाळेतही न जाता थेट अशा रुग्णालयात न्या, जिथे रात्रीही दाखल करून घेतात, आणि दारातच सांगा : ‘याला साखर आहे, किटोन तपासा.’ हे वाक्य मुद्दाम पाठ करायला सांगतो आहे, कारण उलट्या आणि पोटदुखी घेऊन आलेल्या तरुण माणसाला पित्त समजून सलाईन लावून घरी पाठवल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. तुमच्या पत्रात आकडे भरपूर आहेत आणि सगळे व्यवस्थित लिहिलेले आहेत. ते पाहता त्याला मधुमेह आहे याविषयी शंका उरत नाही. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा अधिक, एचबीएवनसी (म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.५ टक्के किंवा अधिक, यांपैकी एक जरी आढळले आणि लक्षणे नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री करून घेतली, की निदान पक्के होते. लक्षणे स्पष्ट असतील तर कोणत्याही वेळी घेतलेली २०० च्या वरची साखरही पुरते. तुमच्या भावाने या सगळ्या रेषा कधीच ओलांडल्या आहेत. पण त्याचा मधुमेह कोणत्या प्रकारचा आहे, हे तुमच्या पत्रात कोठेही नाही, आणि माझा अंदाज असा की त्याच्या केसपेपरवरही ते लिहिलेले नसावे. आकडा साखर किती चढली आहे एवढेच सांगतो. ती का चढली हे त्याला सांगता येत नाही, आणि उपचार ठरतो तो त्या ‘का’वरून.

शरीरात चालते काय, हे थोडे समजून घेऊ. आपण जेवलो नाही तरी रक्तात साखर असतेच, कारण यकृत ती साठ्यातून आणि नव्याने बनवून सतत सोडत असते. मेंदूला तिची अखंड गरज असते. ‘रात्री काही खाल्ले नाही, तरी सकाळची साखर एवढी कशी?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर यकृताच्या या कामात आहे. स्वादुपिंडातील बीटा पेशींतून निघणारे इन्सुलिन यकृताच्या या सोडण्यावर लगाम ठेवते, जेवणानंतर आलेली साखर स्नायूंत आणि चरबीत शिरू देते, आणि चरबीचा साठा विनाकारण वितळू देत नाही. हे तिसरे काम सहसा कोणी सांगत नाही, पण तुमच्या भावाच्या बाबतीत तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. इन्सुलिन जवळजवळ संपले की चरबी बेबंद वितळू लागते, तिच्यापासून यकृतात किटोन तयार होतात, रक्त आम्लधर्मी होते आणि माणूस काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अत्यवस्थ होऊ शकतो. म्हणूनच वर किटोनची घाई केली.

त्याची लक्षणेही यातूनच समजतात. रक्तातील साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडाला ती सगळी परत ओढून घेता येत नाही. ती लघवीत उतरते आणि उतरताना पाणी सोबत नेते. म्हणून लघवी वाढते, लघवी वाढली म्हणून तहान लागते, आणि उशाशी बाटली येते. अनेक घरांत याचा उलटा अर्थ लावतात, की हा पाणी फार पितो म्हणून लघवीला जातो, आणि पाणी कमी करायला सांगतात, तसे कृपया करू नका. खाल्लेले अन्न लघवीवाटे वाया जाते, शरीर आपलेच स्नायू आणि चरबी मोडून खाते, म्हणून भूक असूनही वजन उतरते. काहींना धूसर दिसू लागते, कारण साखरेच्या चढउताराने डोळ्यातील भिंगाचा आकार बदलतो. साखर आटोक्यात येऊन काही आठवडे होईपर्यंत नवा चष्मा करून घेण्यात पैसे घालू नयेत. गुप्तांगाला खाज, वारंवार होणारी बुरशी, लवकर न भरणारी जखम, पायांना मुंग्या येणे किंवा तळवे बधिर होणे, हीही लक्षणे आहेत, मात्र ती बहुधा आजार अंगात बरेच दिवस मुरल्यावर दिसतात. लहान मूल अंथरूण ओले करणे सोडून दोन-तीन वर्षे झाल्यावर पुन्हा करू लागले, तर पालकांनी त्याला न रागावता त्याची साखर तपासावी, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

आता प्रकार. टाइप १ मध्ये शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्ती बीटा पेशींना परके समजून नष्ट करते, त्यामुळे इन्सुलिनच तयार होत नाही. टाइप २ मध्ये इन्सुलिन असते, पण यकृत, स्नायू आणि चरबी त्याला नीट दाद देत नाहीत, स्वादुपिंड जादा इन्सुलिन सोडून काही वर्षे भरपाई करते आणि मग दमत जाते. जगातील मधुमेहींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक या दुसऱ्या प्रकारचे असतात आणि त्यातल्या अनेकांना वर्षानुवर्षे काहीच लक्षण जाणवत नाही. नऊ-दहा वर्षांचे हाडकुळे मूल म्हणजे टाइप १ आणि पन्नाशीतले पोट सुटलेले गृहस्थ म्हणजे टाइप २, अशी दोन चित्रे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसलेली आहेत. ती अगदीच खोटी नाहीत. सुश्रुतसंहितेतही प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद करून पहिल्याचा रोगी कृश व तहानेने व्याकूळ आणि दुसऱ्याचा स्थूल, खूप खाणारा आणि बसून-लोळून राहणारा असतो असे वर्णन आहे. आधुनिक वैद्यकात हॅरॉल्ड हिम्सवर्थ या ब्रिटिश डॉक्टरांनी १९३६ मध्ये इन्सुलिनला दाद देणारे आणि न देणारे असे दोन गट प्रयोगाने दाखवले. घोटाळा होतो तो या दोन चित्रांच्या मधल्या माणसाचा, आणि तुमचा भाऊ नेमका तिथे आहे.

‘सडपातळ आहे, म्हणजे टाइप १’ असे म्हणावे तर आपल्याकडे ते चालत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याविषयी केलेले काम मराठी वाचकांना माहीत असायलाच हवे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याला दिसणार नाही अशी ही चरबी भारतीय माणसाच्या अंगात, विशेषतः पोटाभोवती, दडलेली असते. तिचे मूळ तर त्याहून मागे जाते. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून झालेल्या अभ्यासात तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंनी आणि पोटातील अवयवांनी लहान होती, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे हडकुळे दिसणारे मूलही जन्मापासून आतून ‘लठ्ठ’ असू शकते. यामुळेच भारतीयांसाठी बीएमआयची धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ वर आणि कमरेच्या घेराची पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटरवर धरतात. तेव्हा सडपातळ तरुणाला टाइप २ होऊ शकतो, आणि तुमच्या डॉक्टरांनी तसे धरून गोळ्या सुरू केल्या असतील तर त्यात काही गैर झाले नाही.

पण ‘वय ३१ आहे, म्हणजे टाइप २’ हेही तितकेच चुकीचे. टाइप १ कोणत्याही वयात सुरू होतो. प्रौढ वयात तो कधी कधी इतका सावकाश येतो की पहिले काही महिने, क्वचित एक-दोन वर्षे, गोळ्यांवर निभावते, आणि सगळ्यांची समजूत होते की हा टाइप २ च आहे. ही चूक मी स्वतः केली आहे. चाळिशीचा एक टेम्पोचालक माझ्याकडे येत असे. मी त्याला एकामागून एक गोळ्या वाढवत गेलो आणि दर खेपेला पथ्य पाळत नाही म्हणून बोलत राहिलो. तो बिचारा भाकरीसुद्धा मोजून खात होता. दीड वर्षाने मी अँटिबॉडीची, म्हणजे बीटा पेशींवर उलटलेल्या प्रतिकारशक्तीची खूण रक्तात शोधणारी, तपासणी करायला पाठवले, ती जोरदार सकारात्मक आली. साखर उतरत नसेल तर रुग्णाला दोष देण्याआधी आपले निदान तपासावे, हे मला त्या माणसाने शिकवले.

तुमच्या पत्रावरून प्रकार ठरवणे शक्य नाही, तसा दावा कोणी केला तर त्यावर विश्वास ठेवू नका. तरी माझा कल सांगतो. आधीच सडपातळ असलेल्या माणसाचे चार महिन्यांत सात किलो वजन जाणे, लक्षणे इतक्या वेगाने येणे, आणि दोन गोळ्यांनीही साखर न हलणे, या तिन्ही गोष्टी इन्सुलिनच्या कमतरतेकडे बोट दाखवतात. ज्यांच्यात इन्सुलिन असते पण दाद मिळत नाही, अशांच्या मानेवर आणि काखेत बहुधा मखमलीसारखा जाड, काळपट पट्टा दिसतो. भावाच्या मानेवर तसे काही आहे का ते पाहा. नसले तरी काही सिद्ध होत नाही, असले तर मात्र डॉक्टरांना जरूर सांगा.

डॉक्टरांशी बोलताना दोन तपासण्यांविषयी विचारा. पहिली जीएडी अँटिबॉडीची. ती सकारात्मक आली तर टाइप १ चे निदान जवळजवळ निश्चित होते. नकारात्मक आली तर टाइप १ नाहीच असे म्हणता येत नाही, कारण भारतीय रुग्णांत अनेकदा ती सापडत नाही. दुसरी सी-पेप्टाइडची. शरीर इन्सुलिनचा प्रत्येक रेणू तयार करताना त्याच्याबरोबर सी-पेप्टाइडचा एक रेणू सुटा होतो. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. त्यामुळे सुई चालू असतानाही स्वादुपिंड स्वतः किती काम करते आहे हे यावरून कळते. एक सावधगिरी आवश्यक आहे. साखर ३००-४०० च्या घरात असताना बीटा पेशी तात्पुरत्या मलूल होतात आणि सी-पेप्टाइड खोटेच कमी दिसू शकते, म्हणून ही तपासणी साखर काही आठवडे आटोक्यात आल्यावर, त्याच वेळच्या साखरेच्या आकड्यासह करणे उपयोगाचे. या तपासण्या लहान गावात होत नाहीत, रक्त पुण्या-मुंबईला पाठवावे लागते आणि त्यांचा खर्चही नेहमीच्या तपासणीपेक्षा बराच जास्त असतो. पण आयुष्यात एकदाच करायच्या तपासणीचा हा खर्च वर्षभर चुकीच्या गोळ्या घेण्यापेक्षा स्वस्त पडतो.

आणखी तीन शक्यता डॉक्टरांच्या मनात असतीलच, तरी तुम्ही माहिती पुरवा. भावाला पूर्वी पोटात वरच्या बाजूला, पाठीकडे जाणारे दुखणे वारंवार झाले असेल किंवा दारूची सवय असेल, तर स्वादुपिंडच खराब होऊन मधुमेह झालेला असू शकतो, तो सोनोग्राफीत बहुधा उघड होतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासा, कारण क्षयरोग आणि मधुमेह ही जोडी आपल्याकडे वारंवार दिसते आणि वजन दोन्हींत उतरते. तसेच सांधेदुखी, दमा किंवा त्वचारोगासाठी तो स्टिरॉइडची गोळी वा कोणा वैदूची पुडी घेत होता का, हे त्याला एकट्याला बाजूला घेऊन विचारा. एकाच जनुकातील दोषाने तीन-तीन पिढ्यांत तरुणपणी येणारा एक प्रकारही आहे, पण तुमच्या घरची हकीकत पाहता त्याची शक्यता मला कमी वाटते. बालपणी कुपोषण झालेल्या कृश व्यक्तींत आढळणाऱ्या मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये टाइप ५ असे स्वतंत्र नाव दिले, तेव्हा हे वर्गीकरण अजून पूर्ण झालेले नाही, हेही ध्यानात असू द्या.

प्रकार कळण्याचा एवढा आग्रह का, याचे एक रोखठोक कारण सांगतो. ज्यांच्या नावाचा शेवट ‘ग्लिफ्लोझिन’ असा होतो, त्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. टाइप २ मध्ये, विशेषतः हृदय आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांत, त्या फार उपयुक्त आहेत आणि आता स्वस्तही झाल्या आहेत. पण इन्सुलिनची तीव्र कमतरता असलेल्या माणसाला दिल्या, तर साखर फारशी चढलेली दिसत नसतानाही त्याच्या रक्तात किटोन साचू शकतात, आणि ‘साखर तर बरी आहे’ म्हणून कोणाला संशयही येत नाही. भावाच्या पाकिटावरील घटकाचे नाव वाचा. तसे नाव असेल तर गोळी मनाने बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा.

आता आई आणि काका. काकांना सांगा की चहाने मधुमेह होत नाही. साखरेचे आणि गोड पेयांचे अति सेवन वजन वाढवते आणि टाइप २ चा धोका वाढवते हे खरे, पण चार महिन्यांत सात किलो उतरलेल्या पुतण्याचा हिशेब त्याने लागत नाही. आईंच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, कारण वर्षानुवर्षे रात्रपाळी करणाऱ्यांत टाइप २ चे प्रमाण अधिक आढळते. टाइप १ असेल तर मात्र रात्रपाळी, चहा, ताण, यांपैकी कशालाही दोषी धरता येत नाही. आनुवंशिक कल असलेल्या शरीरात प्रतिकारशक्तीचा रोख कशाने चुकतो, याचे पूर्ण उत्तर वैद्यकशास्त्राकडे अद्याप नाही. भावाला घरात रोज कोणाचे ना कोणाचे बोल ऐकावे लागत असतील, तर ते थांबवणे हाही उपचाराचा भाग समजा.

‘आमच्या घरात कोणालाच साखर नाही’ हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येक घरातून ऐकायला मिळते, आणि मी नेहमी उलट विचारतो, की तपासली कोणाकोणाची होती? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. शेजारच्या गोव्यात तर प्रौढांतील प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक निघाले. तीसपेक्षा अधिक वयाच्या माणसांची साखर आणि रक्तदाब गावच्या आरोग्य केंद्रात विनामूल्य तपासला जातो. आई-वडिलांना आणि काकांनाही तिथे घेऊन जा. चहाविषयीची त्यांची मते त्यानंतर ऐकू.

इन्सुलिनच्या भीतीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या भीतीने माणसे दगावतात. टोरांटोच्या रुग्णालयात ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. तोवर टाइप १ झालेल्या मुलांना उपाशी ठेवून मरण काही महिने लांबवणे एवढाच उपाय होता, आणि त्या मुलाचे वजन तीस किलोही नव्हते. पहिला अर्क अशुद्ध निघाला, तो बारा दिवसांनी शुद्ध करून पुन्हा दिला, आणि तो मुलगा पुढे तेरा वर्षे जगला. ज्याच्या शरीरात इन्सुलिन नाही त्याला ते बाहेरून देणे म्हणजे तहानलेल्याला पाणी देणे आहे. त्याला ‘शेवटची पायरी’ म्हणणे हे औषधावरही अन्याय करणारे आहे. टाइप १ असेल तर सुई सुटणार नाही, हे खरे आहे आणि ते गोड शब्दांत लपवण्यात अर्थ नाही. पण टाइप २ असेल तर चित्र निराळे असते : सुरुवातीला काही आठवडे वा महिने इन्सुलिन देऊन साखर खाली आणली की दमलेल्या बीटा पेशींना उसंत मिळते, आणि अनेकांची सुई बंद होऊन ते गोळ्यांवर परत येतात. म्हणजे घरच्यांचे भाकीत एका प्रकारात लागू पडते आणि दुसऱ्यात बऱ्याचदा खोटे ठरते. उलट, इन्सुलिन लागले म्हणजे टाइप १ च, असेही नाही. ‘इन्सुलिनवर अवलंबून’ आणि ‘इन्सुलिनवर अवलंबून नसलेला’ ही जुनी नावे अमेरिकन मधुमेह संघटनेने १९९७ मध्ये याच गोंधळामुळे मोडीत काढली. सध्याच्या आकड्यांवर आणि उतरलेल्या वजनावर, प्रकार कोणताही निघो, तूर्त इन्सुलिन देण्याचा तुमच्या डॉक्टरांचा विचार मला योग्य वाटतो.

ते सुरू झाल्यावर साखर एकदम उतरण्याचा धोका समजून घ्या. घाम, थरथर, धडधड, अचानक कडकडून भूक किंवा बोलण्यात असंबद्धता आली आणि साखर ७० च्या खाली असली, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग जेवण द्यावे. तो शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नये, सरळ रुग्णालय गाठावे. पाळीचे वेळापत्रक डॉक्टरांना आठवडानिहाय लिहून द्या, कारण रात्रपाळीच्या आठवड्यात जेवणाच्या आणि म्हणून इन्सुलिनच्याही वेळा बदलतात. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवणे आणि शेजारच्या यंत्रावरील एका सहकाऱ्याला आजार सांगून ठेवणे, या दोन गोष्टी त्याने संकोच न करता कराव्यात. न उघडलेले इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवावे, पण बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

कारल्याच्या भाजीला माझी हरकत नाही, घरी होत असेल तर त्याने जरूर खावी. कारले आणि जांभूळ यांनी साखर थोडीशी कमी होत असल्याचे काही लहान अभ्यासांत दिसले आहे, पण इन्सुलिनची जागा यांतले काहीही घेऊ शकत नाही. गोळ्या बंद करण्याचा सल्ला मात्र या परिस्थितीत जिवावर बेतणारा आहे. विकत मिळणाऱ्या निनावी पुड्यांबाबत तर आणखी एक सावधगिरी सांगतो : साखर उतरवणाऱ्या आधुनिक गोळ्यांचीच भुकटी त्यांत मिसळलेली सापडल्याचे प्रकार घडले आहेत. पुडी ‘लागू पडते’ ती कधी कधी त्यामुळे.

शेवटी तुमच्याविषयी. भावाच्या काळजीत तुम्ही स्वतःबद्दल एक वाक्य ओझरते लिहून गेलात, की बाळंतपणात साखर निघाली होती, ‘ती नंतर गेली’. गरोदरपणात वारेतून स्रवणारी संप्रेरके इन्सुलिनला विरोध करतात, त्यामुळे ज्या स्त्रीच्या स्वादुपिंडाची राखीव क्षमता बेताची असते तिची साखर त्या काळात चढते आणि वार पडल्यावर बहुधा उतरते. क्षमता मात्र बेताचीच राहते. अशा स्त्रियांना पुढे टाइप २ होण्याचा धोका इतरांच्या कितीतरी पट असतो, म्हणून प्रसूतीनंतर ६ ते १२ आठवड्यांनी एकदा आणि त्यानंतर दर एक ते तीन वर्षांनी तपासणी करायची असते. तुमच्या पत्रात गेल्या सात वर्षांतील एकही आकडा नाही. केवळ एचबीएवनसीवर विसंबू नका, कारण अंगात रक्त कमी असेल तर तो आकडा फसवा येतो. लोहाच्या कमतरतेत तो वाढून दिसतो, तर विदर्भ-नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेलसारख्या आजारांत तो भरवशाचाच राहत नाही. तुमच्यासाठी ग्लुकोज पिऊन करायची तपासणी योग्य. आदले तीन दिवस नेहमीसारखे जेवा, भात-पोळी कमी करू नका. रात्री जेवल्यानंतर आठ ते दहा तास पाण्याशिवाय काही न घेता सकाळी प्रयोगशाळेत जा, पहिले रक्त द्या, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाच मिनिटांत प्या, आणि पुढचे दोन तास तिथेच बसून राहा. त्या वेळात बाजार उरकायला बाहेर पडू नका, कारण चालण्याने दुसरा आकडा खोटा कमी येतो. या आठवड्यातलाच एखादा दिवस निवडा, आणि भावाचे रक्त तपासायला जायचेच आहे तर त्याच खेपेला स्वतःचेही द्या.